नोबुए आंटींची पेन्सिल

सिंगापूरच्या बेडोक भागातल्या त्या इमारतीत नोबुए आंटींना ओळखत नाही असं कुणी नव्हतं. तरुणपणी ओसाकाहून लग्न करून आल्या, त्या इथेच रुजल्या. नवरा, मिस्टर तान, केव्हाच गेले. जिभेवर सिंगापूरची इंग्रजी बसली, पासपोर्ट तेवढा जपानचाच राहिला. शेजारच्या शैलाशी त्यांचं मेतकूट जमलं ते चकलीवरून. जे कुरकुरीत नाही ते खाणंच नव्हे, यावर दोघींचं एकमत.

दोन हजार सतराच्या मे महिन्यात आंटींना अर्धांगाचा झटका आला. चालणं सुधारलं, पण उजव्या हाताचा कंप गेला नाही. दसऱ्यानंतर शैला डोकावली, तर आंटी पेन्सिल मुठीत धरून कागदावर जपानी अक्षरांत एकच नाव पुन्हा पुन्हा गिरवत होत्या. ओठ मिटलेले, कपाळाला घाम. शैला रोज पूजा झाली की रामनाम लिहायला बसणारी. तिला गहिवरून आलं. अशा हातानं एवढा जप! बाजूला टाकलेला एक कागद तिने मागून घेतला आणि हळदकुंकू वाहून देव्हाऱ्यात ठेवला.

पुढे आंटी चहाला आल्या आणि देव्हाऱ्यापाशी थबकल्या.

"शैला-सान, हा इथे काय करतो?"

"तुमच्या देवाचं नाव ना ते?"

आंटींना हसू आवरेना. "देव? अगं, हा निवडणुकीला उभा राहणार आहे. आधीच त्याच्या डोक्यात हवा, त्यात तू कुंकू लावलंस."

शैलाचा नवरा सुबोध पेपराआडून म्हणाला, "निवडून आला तर नवस फेडायला जपानला जावं लागेल हं."

शैला ओशाळली, पण तिला नवल वाटत राहिलं. नाव लिहून कशाला गिरवायचं? आपल्याकडे चिन्हापुढचं बटण दाबलं की झालं.

आंटींनी समजावलं. तिकडे मतपत्रिका कोरी असते. एका कागदावर उमेदवाराचं नाव, दुसऱ्यावर पक्षाचं, मतदारानं आपल्या हातानं लिहायचं. वाचता आलं नाही, तर मत बाद.

"आणि पंतप्रधान?"

"तो आम्ही नाही निवडत, आम्ही निवडून दिलेली माणसं निवडतात. तीसुद्धा चिठ्ठीवर नाव लिहूनच. एकेक जण उठतो, पुढे जाऊन चिठ्ठी देतो. दोन सभागृहांचं जमलं नाही, तर खालच्याचं खरं. मग सम्राट त्याला नेमतो."

"सम्राटाला तो पसंत नसला तर?"

"त्याला कोण विचारतं? चिठ्ठीत निघालं तेच नाव."

शैला चहा प्यायला विसरली. एवढं मोठं सिंहासन, आणि ते शेवटी पेन्सिलीनं लिहिलेल्या नावापुढे वाकतं!

"पण लिहायला जमलं नाही तर तिथले अधिकारी लिहून देत असतील की," सुबोध म्हणाला.

"देतात. पण त्यांना नाव सांगावं लागतं." आंटींनी मान हलवली. "परदेशी राहणाऱ्यांना कित्येक वर्षं मतच नव्हतं. ते मिळाल्यापासून मी एकदाही चुकवलं नाही, आणि कुणाला सांगितलंही नाही. मिस्टर तानलासुद्धा."

"मग माझ्यासमोर कशा लिहीत बसलात?"

"तुला वाचता कुठे येतं?"

त्यानंतर रोज सकाळी शैला त्यांच्या शेजारी बसू लागली. ती रामनाम लिहायची, आंटी आपलं ते. कधी अक्षर नीट उतरायचं, कधी रेघ भलतीकडेच जायची.

मतदानाच्या दिवशी शैला त्यांना टॅक्सीनं जपानी वकिलातीत घेऊन गेली. चकल्यांची भाजणी घरी तशीच पडली होती. फाटकापलीकडे तिला जाता येईना, म्हणून ती रस्त्याकडेच्या झाडाखाली थांबली आणि मनात नाम घेत राहिली. कुणाच्या जयासाठी ते तिलाही ठाऊक नव्हतं. तेवढा हात स्थिर राहू दे, एवढंच मागत होती.

बऱ्याच वेळानं आंटी बाहेर आल्या. चेहरा दमलेला.

"जमलं?"

"पहिलं अक्षर वाकडं आलं. पण वाचता येतं. मी दोनदा वाचून पाहिलं."

शैलानं सवयीनं त्यांचं बोट हातात घेऊन शाईची खूण शोधली. शाई नव्हती. पेन्सिल घट्ट धरून बोटांवर वळ मात्र उठला होता, आणि शिशाचा काळा डाग. तिने पुसायला रुमाल काढला, आणि पुन्हा पर्समध्ये ठेवला.

घरी येऊन तिने दिवा लावला. देव्हाऱ्यातला कागद तिथेच होता. सुबोधनं विचारलं, "काढत नाहीस अजून?"

"राहू दे," ती म्हणाली. "नाव कुणाचं का असेना, लिहिलंय कसं ते बघ."