कोल्ह्याची चित्रं

अमेरिकेतल्या नवाहो आदिवासींच्या शाळेत येणाऱ्या लहान मुलांचं नवाहो बोलणं तपासायचं काम वर्ना बिटसिली कैक वर्षं करत होती. आपल्या भाषेत नीट गोष्ट सांगणाऱ्या मुलाला नवाहो वर्गात जागा मिळे, बाकीची इंग्रजी वर्गात जात. वर्ना कामात काटेकोर. सख्ख्या भावाच्या पोरालाही तिने कधी फुकटचे गुण दिले नव्हते.

एरवी ही तपासणी ऐन थंडीत होई. यंदा ती वसंतात आली.

दुपारी एस्बा आजी नातीला, नानिबाला, घेऊन आली. रीतीप्रमाणे आधी वर्नाने आणि आजीने आपापली कुळं सांगितली. नानिबाच्या आईचं कूळ वर्नाचंच निघालं.

"म्हणजे मी तुझी मावशी! आता मावशीला गोष्ट सांग बघू."

वर्नाने टेबलावर चित्रं मांडली. कोल्हा, ससा, पुन्हा कोल्हा. नानिबाने ती पाहिली आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

"कोण गं हा?"

नानिबाने मान खाली घातली.

"घरी हिची टकळी मेंढ्यांना झोपू देत नाही," आजी दारातून म्हणाली. "इंग्रजी वर्गात गेली तर माझ्याशी बोलणार कोण? मला कुठे येतं ते!"

"आजी, मध्ये बोलायचं नाही."

वर्नाने पेन उचललं. गप्प बसणाऱ्याला शून्य, हा नियम तिचाच.

"मावशी," नानिबा कुजबुजली, "ती चित्रं पालथी घाल ना. परवा आभाळ गडगडलं. साप जागे झालेत, ऐकतील."

वर्नाचा हात थबकला. कोल्ह्याच्या गोष्टी थंडीतच सांगायच्या, वसंतातल्या पहिल्या गडगडाटानंतर नाही, हे ती पाळण्यापासून ऐकत आली होती. चित्रंही तिनेच काढलेली. तपासणी पुढे गेली, तेव्हा ती बदलायला हवीत हे मात्र सुचलं नव्हतं.

"मला वाटलं, शाळेतल्या सापांना कान नसतात," आजी म्हणाली.

वर्नाने मुकाट्याने चित्रं पालथी घातली. "बरं, कोकरू हरवलं तर काय करतेस, ते सांग."

मग काय! कोकरू सापडलं, वाटेत बोकडाने आजीचा रुमाल खाल्ला, आजीने बोकडाला शिव्या घातल्या. त्या शिव्याही नानिबाने जशाच्या तशा ऐकवल्या.

"जागा मिळाली," वर्ना हसू आवरत म्हणाली.

त्या दोघी गेल्यावर तिला सकाळची दोन पोरं आठवली. चित्रं बघून तीही अशीच खाली मान घालून बसली होती. तिने फोन उचलला.

"उद्या पोराला परत आणा," ती पहिल्या घरी म्हणाली. "नाही, त्याचं काही चुकलं नाही. माझं चुकलं."