ओढ्यापर्यंतची वाट

सोलापुरात डोंगर नाही. चढ म्हणून जे काही आहे ते रेल्वेवरचे पूल. तरी भवानी पेठेत टॉवेल-चादरींचं दुकान चालवणाऱ्या राजशेखरअण्णांना सह्याद्रीचं वेड लागलं ते लागलंच. दर वर्षी दिवाळीची गिऱ्हाइकं ओसरली, की आम्हा चार-पाच जणांच्या पाठीवर सॅक चढवून ते कोयनेपलीकडच्या एका रानवाटेनं घेऊन जातात. एका गावातून चढायचं, मधला मोठा ओढा ओलांडायचा, पलीकडच्या गावात उतरायचं. मी कॉलेजच्या ऑफिसात कारकून. वर्षभर फायलींत आखडलेलं अंग तेवढं तिथं मोकळं होतं.

पण मला सांगायचंय ते महेश्वरीवैनींबद्दल, अण्णांच्या बायकोबद्दल. या वाटेवर त्या कधी आल्याच नाहीत. आधी मुलं लहान होती. मग सासऱ्यांना अर्धांगवायू झाला. मग सासूबाईंनी जे अंथरूण धरलं ते कित्येक वर्षं. दर दिवाळीला वैनी आमच्यासाठी कडक भाकरी आणि शेंगांची चटणी बांधून द्यायच्या, आणि अण्णा म्हणायचे, "पुढच्या वर्षी तुला नेणारच." अण्णा खोटं बोलत नव्हते. फक्त पुढचं वर्ष येत नव्हतं.

यंदा उन्हाळ्यात सासूबाई गेल्या. मुलगी पूनम लग्न होऊन अकलूजला, मुलगा पुण्यात नोकरीला. गौरी उठल्या त्या दिवशी वैनींनी जाहीर केलं, "मी येणार हाय." दुसऱ्या दिवशी जाऊन बूट घेतले. पाय रुळावेत म्हणून साडीवर बूट घालून त्या स्वयंपाकघर सोडून सगळीकडे फिरायला लागल्या. गल्ली हसली. "हसू देत की," वैनी म्हणाल्या, "बूट माझे, पाय माझे." त्यांचा डावा गुडघा दुखरा आहे, जिना उतरताना कठडा धरावा लागतो. पण ही वाट सरळ, सावलीची, म्हणून अण्णाही निर्धास्त होते.

आणि मग हत्ती गेला नि शेपूट राहिलं. ओढ्याअलीकडच्या गावात गुंडा नावाचा आमचा माणूस आहे, त्याचा फोन आला. आम्ही दर वर्षी त्याच्याच घरी उतरतो. पावसाळ्यात कडा ढासळला होता आणि ओढा ओलांडायची जागाच वाहून गेली होती. आमच्या नळाला चार दिवसांआड पाणी, आणि तिथं पाण्यानं अख्खी वाट नेली!

रविवारी आम्ही दुकानाच्या वरच्या खोलीत जमलो. बँकेतल्या देवदत्तनं मोबाइलवर नकाशा उघडला. ओढ्याला वळसा घालून डोंगराच्या वरच्या धारेवरून पलीकडे उतरता येत होतं. एक मुक्काम वाढणार होता, मधे थोडा कातळ होता, हातापायांनी चढायचा. देवदत्तचे डोळे चमकले. खरं सांगायचं तर माझेही.

"वैनींना जमणार नाही पण," देवदत्त अगदी सहज म्हणाला. "वैनी, तुम्ही पुढच्या वर्षी."

वैनी चहाचे कप ठेवत होत्या. "आतु," त्या कानडीत म्हणाल्या, म्हणजे बरं. अण्णा नकाशातून मान वर काढेनात. मला असा संताप आला, की चहा कडू लागला. कोणाचा जास्त आला, देवदत्तचा की अण्णांचा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

वैनी दारापर्यंत गेल्या आणि परत वळल्या. "गुंडाला फोन लावा. मला बोलायचंय."

अण्णांनी लावला, स्पीकरवर टाकला.

"गुंडा, वढ्यापर्यंतची वाट कशी हाय?"

"तितवर झ्याक हाय की, वैनी. फुडंच कायबी न्हाय."

"तुमच्या बाया जात्यात का तितपर्यंत?"

"रोज जात्यात. गुरं घिऊन."

"मग मीबी जाईन," वैनी म्हणाल्या आणि अण्णांकडे बघितलं. "तुमी धारेवरनं जावा समदे. मी वढ्यापर्यंत जाऊन माघारी येते."

अण्णांचा चेहरा पडला. अर्ध्या वाटेतून परतणं त्यांच्या कोष्टकातच नव्हतं. एकदा माझा पाय मुरगळला होता तरी त्यांनी मला लंगडत पलीकडे नेलं होतं. थोडा वेळ ते बोटानं मिशी चाचपत राहिले. मग म्हणाले, "निवेदिता, तू जा हिच्यासंगं. मी ह्यांना वरनं नेतो."

मी म्हटलं, "अण्णा, मी काय यांचा नवरा आहे?"

खोलीत कोणी हसलं नाही. मलाही वाटलं, जीभ जरा जास्तच चालली. वैनी मात्र शांत होत्या. "तिला कशाला अडकवताय? गुंडाची बायको हाय की तितं."

"अगं, पण तिथं पूल न्हाय, वाट न्हाय," अण्णा काकुळतीला आले. "फुटक्या दरडीपाशी जाऊन करणार काय तू?"

"बसणार."

"बसणार?"

"व्हय. घरात बसलं की कोणतरी हाक मारतंयच. आधी मामंजी, मग आत्याबाई, मग तुमी. तितं कोण मारतंय बघते."

हे त्या रागानं बोलल्या नाहीत. रागानं बोलल्या असत्या, तर अण्णांनी काहीतरी उत्तर दिलं असतं. खाली गिऱ्हाइकानं दोनदा शटर वाजवलं, तरी ते उठले नाहीत. मी त्यांना इतका वेळ वैनींकडे बघताना कधी बघितलं नव्हतं.

मग त्यांनी देवदत्तचा मोबाइल त्याच्या हातात दिला. "धारेवरनं ह्यांना तू ने. वाट विचारत जा, लई शहाणपणा करू नको." आणि गुंडा अजून फोनवरच होता, त्याला म्हणाले, "गुंडा, आमी दोघं येतोय. वढ्यापर्यंतच."

"आन् माघारी कवा, अण्णा?"

अण्णांनी वैनींकडे बघितलं. "ती उठंल तवा."