मूळ अर्ज सोबत जोडला आहे

नोकरीत खून-दरोडे पुष्कळ पाहिले, पण अजून अंगावर काटा येतो तो एका सरकारी कार्यालयातल्या दुपारच्या आठवणीनं.

मी तेव्हा सोलापुरात एका ठाण्याचा प्रभारी होतो. टपालात निनावी अर्ज आला, हातानं लिहिलेला. सांगोल्याकडच्या एका गावाचे टँकर ज्या विहिरीवर भरतात तिचं पाणी दूषित आहे, तपासणीचा अहवाल बदलला आहे, लेकरं आजारी पडताहेत, असा मजकूर. निनावी अर्जाचं आम्ही नेहमी करायचो तेच मी केलं. कोपऱ्यात शेरा मारला, 'चौकशी करून अहवाल द्यावा', आणि मूळ अर्जच, पाण्याची तपासणी करणाऱ्या त्याच सरकारी कार्यालयाला धाडून मोकळा झालो.

पंधरा दिवसांनी शुक्रवार पेठेत राहणाऱ्या एक बाई ठाण्यात आल्या. त्यांचे मिस्टर त्याच कार्यालयात कारकून. "चार दिवस झाले साहेब, ऑफिसला म्हणून गेले ते आलेच नाहीत ओ."

मिसिंग नोंदवून भर दुपारी मी कार्यालय गाठलं. हजेरीपटावर नाव होतं, पण खोलीत त्यांची खुर्ची नव्हती, टेबल नव्हतं. ज्याला विचारावं तो म्हणे, "ते घरच्या अडचणीत होते." सात माणसं, सात वेळा तेच वाक्य, तोच सूर, नजर फायलीत. वर्दीतला माणूस मी, पण खरं सांगतो, घाबरलो.

तिथल्या म्हाताऱ्या शिपायाला ठाण्यात आणलं. दरडावून काही होईना. मग चहा दिला आणि नुसता बसून राहिलो. समोरचा गप्प बसला की माणसाला बोलल्याशिवाय राहवत नाही.

"तुमचा कागद आला की साहेब," तो म्हणाला. "मोठ्या साहेबांनी समद्यांना एकेक करून तो मोठ्यानं वाचाया लावला. तुमी शोधताय त्या ह्यांचाच आवाज कापला. तवापासनं कुणी त्यांच्याशी बोललं न्हाय. मी बी पाणी दिलं न्हाय. लई वाईट वागलो." मग हळूच म्हणाला, "मंद्रूपला मावसभावाचं शेत हाय त्यांच्या. तितं बगा."

शेतातल्या पत्र्याच्या खोलीत ते सापडले. जिवंत बघून हायसं वाटलं. पण मला पाहताच ते ताठ उभे राहिले आणि तो अर्ज तोंडपाठ म्हणू लागले. शब्दन् शब्द, आवाज जराही न कापता. थांबवलं तरी थांबेनात. माझ्या हवालदारानं तोंड फिरवलं.

शांत झाल्यावर त्यांचा जबाब घेतला, सीलबंद करून थेट वरिष्ठांकडे आणि दक्षता विभागाकडे हातोहात पोचवला. विहीर बंद झाली, अहवाल बदलणारा निलंबित झाला. तक्रार करणाऱ्याची ओळख झाकायची, मूळ कागद आपल्यापाशी ठेवायचा, ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच हाती चौकशी द्यायची नाही, हे पुढं प्रत्येक नव्या अधिकाऱ्याच्या मी डोक्यात भरवलं. मला ते आधी कळायला हवं होतं. कंटाळा केला, दुसरं काही नाही.

मंद्रूपहून निघताना जीपमध्ये त्यांनी विचारलं होतं, "साहेब, मी नाव घातलं नव्हतं. माझा कागद त्यांच्या टेबलावर कुणी नेऊन ठेवला ओ?"

"मी," म्हणालो.

ते माझ्यापासून सरकून खिडकीला टेकले.