रुमालाखालचा खांदा

इनासबाबनं खिशातून पांढरा रुमाल काढला. झटकला. घडीवर घडी केली. माझ्या उजव्या खांद्यावर ठेवला. मग त्या रुमालावर आपला हात ठेवला. एक बोट रुमालाच्या बाहेर जाऊ दिलं नाय.

देवळाच्या दारापाशी, बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडाशेजारी, सगळ्यांच्या देखत. तालीम होती. पुढच्या रविवारी माझ्या डोक्यावर पानी पडनार होतं. पानी पडताना धर्मबापानं खांद्यावर हात ठेवायचा, अशी रीत. आनि धर्मबाप म्हनून फादरनं मला गावठानातला सगळ्यात मोठा मानूस दिला. इनासबाब. अर्ध्या वाडीचा मालक. देवळाची घंटा त्याच्याच पैशाची.

आनि मी काय केलं? जोक मारला.

"बाब, खांदा घासून आलोय. रुमाल मळला तर धुवून देईन."

गानारी पोरं हसली. मेनबत्त्या लावनारी बाई हसली. इनासबाब पन हसला. सगळ्यात मोठ्यानं कोन हसलं? मी.

मी पैल्यापासून सोंगाड्याच. शाळेचं तोंड बघितलं नाय. अंधेरीच्या या देवळाच्या कब्रस्तानात खड्डे खनतो. आमची जात कोकनात गावाबाहेर राहायची. हितं पन गावठानाच्या बाहेरच, खदानीकडं. लोकांनी हाड करायच्या आधी मी स्वतःच भुंकून दाखवतो. ते हसतात. हसनारा मानूस लाथ जरा हळू मारतो.

धर्मशिक्षन पन असंच. फादरनं विचारलं, "देव कुठे आहे?"

बोललो, "सगळीकडं."

"म्हणजे तुझ्या खोपटीतही आहे?"

"नाय फादर. आमीच पाय दुमडून झोपतो, तो कुठं मावनार?"

पान्याच्या आधी जिभेवर मीठ ठेवतात असं कळलं, तर बोललो, "मग भाकरी पन ठेवा." फादर चांगला मानूस. पोट धरून हसायचा. पावसाळा गेला, थंडी गेली, तरी देवाच्या धा आज्ञा म्हनताना मी खाली-वर करायचो. कुठली चोरीची, कुठली बायकांची, कायम घोळ.

पन एक गोष्ट मी हसन्यावारी घेतली नव्हती. कब्रस्तान लहान. काही वर्षांनी जुनी कबर उघडायची, हाडं काढायची, त्याच जागी नवीन मुर्दा. हाडं मी हातानं काढतो. शेठची, कोळनीची, एका वकिलाची. एकदा मातीतून बाहेर आली की कोन कुठला, काय कळत नाय. तिथं माझ्या डोक्यात शिरलं, मानसं सगळी सारखी. फादरला विचारलं, तर बोलला, देवासमोर असंच आहे. म्हनून मला ते पानी पायजे होतं. लोक बोलतात तसं देवळात वाटतात त्या फुकटच्या दूध पावडरसाठी नाय.

त्या दिवशी घरी जाऊन रुमालाचा किस्सा बायकोला रंगवून सांगितला. फडकं घेऊन घड्या करून दाखवल्या. रखमा भाकरी थापत होती. हसली नाय.

"अवो, सगळे हसले?"

"सगळे."

"तुमी पन?"

"मी तर पैला."

तिनं तवा खाली उतरवला. "त्याच्या बापाची हाडं कोनी काढली वो?"

मीच. एकेक हाड पुसलं. पिशवीत भरलं. इनासबाबनं ती पिशवी माझ्या हातातून घेतली होती. रडत होता. माझे दोन्ही हात धरून रडत होता. रुमाल तेव्हा खिशातच राहिला.

त्या दिवशी मला पुढं जोक सुचला नाय.

रविवार आला. धुतलेला सदरा घातला. कुंडापाशी फादरनं सवाल सुरू केले.

"सैतानाला नाकारतोस?"

"नाकारतो."

"त्याच्या सगळ्या कामांना?"

"नाकारतो."

"त्याच्या सगळ्या थाटमाटाला?"

तालमीत हे मी पोपटासारखं बोललो होतो. जन्मात कोनाला नाय म्हटलं नव्हतं. तोंडाला एकच सवय, "होय बाब." आनि बाजूला इनासबाब रुमालाच्या घड्या घालत होता. आज इस्त्री मारून आनला होता.

"नाकारतो," मी बोललो. "आनि हा रुमाल पन नाकारतो."

कोनीतरी हसलं. सवय. मग गप्प झालं. मी हसत नव्हतो.

फादर हळूच बोलला, "बाळा, रुमाल ही लहान गोष्ट आहे."

"लहान हाय तर काढा ना, फादर."

फादरनं इनासबाबकडं बघितलं. मग पान्याकडं बघत राहिला. काढला नाय.

इनासबाब लाल झाला. "तुला आत घेतोय हेच खूप समज. लायकी बघ रे आपली! उद्यापासून फावडं दुसऱ्याच्या हातात देतो."

"द्या बाब. तुमच्या आईची कबर यंदा उघडायचीय. ती हाडं मात्र तुमीच काढा. रुमाल घेऊन."

कोरडं डोकं घेऊन बाहेर आलो. पन घरी गेलो नाय. शेवटच्या पायरीवर उभा राहिलो. सदरा उजव्या खांद्यावरून खाली ओढला. मिस्सा, रविवारची प्रार्थना, सुटली आनि लोक बाहेर पडले. एकेकाला विचारलं, "कोन ठेवतंय हात? उघडा?"

पोरं हसायला जवळ आली. जोक नाय हे कळल्यावर मागं सरली. मोठी मानसं चपलांकडं बघत गेली. एक कोळीन थांबली. तिच्या नवऱ्यानं तिला दंडाला धरून नेलं.

फावडं गेलं. आता खदानीत दगड फोडतो. पुढच्या रविवारी परत उभा राहिलो. त्याच्या पुढच्या पन. फादरनं बाजूला घेतलं. "मधल्या वारी ये. देवळात कोणी नसेल. घंटा वाजवणारा माणूस हात ठेवेल, रुमालाशिवाय. गुपचूप उरकू."

"फादर, रुमाल सगळ्यांच्या देखत ठेवला. हात पन सगळ्यांच्या देखत पायजे."

फादर देवळात परत गेला, दार लोटून घेतलं.

उद्या रविवार. सदरा धुवून वाळत टाकलाय. बाजूला रखमाचं लुगडं. सकाळी बोलली, "मी पन येते. मला काय खांदा नाय?"

उद्या पायरीवर दोन खांदे असतील. हात ठेवायचा तर उघडा ठेवा. नाय ठेवायचा, तर दर रविवारी आमच्या अंगावरून घरी जा.