हौद्यात उभं राहून बघा

आमच्या ह्यांचं नाव रामलिंग. मुरुडमध्ये कुणालाही ‘जनावरवाले रामलिंग’ म्हणून विचारा, घरापर्यंत आणून सोडतील. पिकअपवाले गावात पुष्कळ हायेत. कुणी विटा नेतं, कुणी भाजीपाला. हे सोयाबीनची सुगी सोडली तर फक्त गुरंढोरं नेतात. आणि त्यात ह्यांचा एक हट्ट हाय. जनावराला दांडकं दाखवायचं न्हाई, शेपूट पिरगाळायची न्हाई. गाडी बांधाला लावायची, फळी टाकायची, मागच्या हौद्यात कडबा पसरायचा आणि आत उभं राहून हाक मारायची. जनावर आपल्या पायानं चढलं तर न्यायचं. न्हाई चढलं तर वाट बघायची. मी ह्याच्यावर लई बोललेय. पण लोक ह्याच गोष्टीसाठी उदगीरहून फोन करतात, मग गप बसावं लागतं.

यंदा माळेगावच्या जत्रेत शेजारच्या तुळजामावशींचा शेवऱ्या प्रदर्शनाला न्यायचा होता. देवणी वळू, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, आणि डौल असा की रस्त्यानं जाणारा गाडी थांबवतो. मावशींच्या घरात दुसरं कुणी न्हाई. त्यांनी त्याला वासराचा वळू केला. जत्रेआधी एकदा त्याला आमच्याच गाडीतून लातूरला जनावरांच्या डॉक्टरांकडं दाखवून आणलं. त्यानंतर सवय राहावी म्हणून ह्यांनी पुन्हा गाडी लावली, तर शेवऱ्यानं फळीवर एक पाय ठेवला आणि मागं घेतला. सकाळभर तेच. शेवटी मावशी म्हणाल्या, “रामलिंग, त्याला तुझी गाडी नको हाय. जत्रेदिवशी न्हाई चढला तर मी ट्रकवाला सांगणार. चार गडी लावून चढवतेत ते.”

घरी आल्यावर ह्यांचं तोंड एवढंसं झालेलं. गडी लावून जनावर चढवायचं, तेही ह्यांच्या दारासमोर. मग ह्यांच्याकडं कोण येणार? हौदा धुतला. फळी बदलली. नवा कडबा आणला. गाडीच्या कपाळाला विभूती लावली. शेवऱ्या काही केल्या ऐकंना.

मग माझं डोकं फिरलं. पावसाळ्यात माहेरची गाय आणताना मी मागं तिच्यापाशी उभी होते. उतरले तेव्हा दात जागेवर हायेत का ते चाचपून बघितलं. तेव्हाच सांगितलं होतं, मागचे शॉकअप गेलेत, धक्का सगळा अंगात येतोय. तर हे म्हणतात, “काय बोलतेस, आत्ताच नवे टाकलेत, गाडी मखमल झालीय.” टाकले होते, पण पुढचे. ड्रायव्हरच्या बुडाखालचे. मागं काय, स्प्रिंगचे पाटे हायेत, चालतंय, असं ह्यांचं. वरून सुगीत पोती वाहायला एक पाटा जास्तीचा घातलेला, तो काढलाच न्हाई. समदे पिकअपवाले हेच करतात. पोती कुठं तक्रार करतेत?

“चावी द्या,” मी म्हणलं. “आन् शेवऱ्या उभा राहतो तिथं तुम्ही उभं राहा.”

मला गाडी येते, ह्यांनीच शेतात शिकवलीय. हे निमूट मागं चढले, पाईप धरला. ह्यांचाच वेग ठेवून मी फाट्यापर्यंत गेले. खरं सांगायचं तर एक गतिरोधक मी जरा रागातच घेतला. हे टपावर थापा मारत राहिले, मी थांबले न्हाई. फाट्यावर उतरल्यावर गुडघे धरून उभे राहिले थोडा वेळ. मग गाडीखाली वाकले. मागच्या शॉकअपमधलं तेल केव्हाच गळून त्यावर मातीचा थर बसलेला.

“आज माझी कंबर गेली,” हे म्हणाले. “शेवऱ्या तर लातूरला जाऊन आला.” आणि हसले. मला बरं वाटलं, कारण ह्या माणसाला राग येत न्हाई, लाज येते.

तसंच लातूर गाठलं. दुकानदारानं जाड, कडक शॉकअप पुढं केले. “लोडच्या गाडीला हेच नेतात, जिंदगीभर बघायला नको.” हे हातात घेऊन खूश, घेणारच होते. मग माझ्याकडं वळून म्हणाले, “मागं तू उभी राहिलीस. तू सांग.” लग्नाला एवढी वर्षं झाली, गाडीचं कधी मला विचारलं नव्हतं. मी म्हणलं, “पोती पडून राहतेत. जनावर उभं असतं, त्याला कडक कशाला?” मग गाडीसोबत येतात तसलेच साधे घेतले.

गुरुलिंगअप्पा फिटरनं बसवले. गंजलेले बोल्ट सुटता सुटेनात, अप्पा घामाघूम. नवे शॉकअप उभे धरून हातानं वरखाली केले, आतली हवा काढली. रबरी बुश घातले. बोल्ट शेवटचे आवळले ते चाकं जमिनीवर टेकवून, गाडी आपल्या वजनावर उभी असताना. जास्तीचा पाटा ह्यांनी स्वतः काढून ठेवला. मग पुन्हा मी पुढं, हे मागं. ह्या खेपेला टपावर थाप पडली न्हाई.

पण शेवऱ्याला हे कोण सांगणार? जत्रेदिवशी पहाटे त्यानं पाय ठेवला आणि घेतला. पुन्हा ठेवला, पुन्हा घेतला. ट्रकवाल्याचा नंबर मावशींच्या फोनमध्ये तयार. हे आत उभे, हाक मारून घसा बसलेला. तेवढ्यात मावशीच म्हणाल्या, “सरक बाजूला,” आणि लुगडं सावरत फळीवरनं वर गेल्या, कडब्यावर मांडी घालून बसल्या. “घे, मी बसले. आता ये.” शेवऱ्यानं फळी हुंगली आणि गेला सरळ त्यांच्यामागं.

मागचा फाळका बंद करताना हे मला हळूच म्हणाले, “तो मावशीच्या भरवशावर चढला. गाडीच्या न्हाई.” मावशी काही खाली उतरल्या न्हाईत. मीही पुढं बसले. वाटभर ह्यांची एक नजर रस्त्यावर आणि एक आरशात. लातूर मागं पडलं, अहमदपूर मागं पडलं, मागून ना खुरांचा आवाज ना मावशींचा. ह्यांना धीर धरवेना.

माळेगावला पोचल्यावर दोघांनी मिळून फाळका उघडला. शेवऱ्या खाली बसलेला, डोळे अर्धे मिटून रवंथ करत. एवढी वर्षं झाली, आमच्या चालत्या गाडीत जनावर कधी बसलं नव्हतं. मावशी त्याच्या पाठीला टेकून गाढ झोपलेल्या. ह्यांचे डोळे भरून आले, आणि मला त्या माणसाचा लई अभिमान वाटला, त्यांना तसं मी सांगणार न्हाई.

उजेड तोंडावर आला तशी मावशींनी डोळे किलकिले केले.

“लातूर आलं का रे?” त्या म्हणाल्या.