सकाळचा वापर

जिन्याखाली बसवलेल्या स्मार्ट मीटरवर एक तांबडा दिवा लुकलुकत असतो. घरात वीज जास्त लागली की तो घाई करतो, एरवी संथपणे डोळा मिचकावत राहतो.

मीटर नवा होता तेव्हा शेजारच्या वसंतरावांनी माझ्या बायकोला समजावलं होतं, "वहिनी, आता दुपारची वीज स्वस्त. गिझर तेव्हाच लावून ठेवा, पाणी संध्याकाळपर्यंत गरम राहतं."

सुधा म्हणाली, "भावजी, माझे गुडघे सकाळी आखडतात. दुपारपर्यंत थांबायला त्यांना तुमच्या मीटरनेच सांगावं." आणि ती रोज सहाला गिझर लावत राहिली.

तिला जाऊन महिना झाला. काल फोनवर वीज कंपनीचा संदेश आला, "अभिनंदन! आपला सकाळचा वीजवापर घटला आहे. अशीच बचत करत राहा."

अर्ध्या अर्ध्या तासाची नोंद ठेवणाऱ्या यंत्राची ही अक्कल! वापर घटला एवढं त्याला कळलं आणि तेवढ्यावर त्याने टाळ्या वाजवल्या. पूर्वी रीडिंग घ्यायला येणारा माणूस कधी कधी आकडा चुकीचा लिहायचा. पण घरात कोणी गेलेलं असलं तर दारातच त्याचा आवाज खाली यायचा. त्याला कोणी स्मार्ट म्हटलं नाही.

आज सकाळी सहाला मी गिझर लावला. मी स्वतः थंड पाण्यानेच आंघोळ करतो. मग जिना उतरून मीटरसमोर उभा राहिलो. दिवा घाईघाईने लुकलुकत होता.

"लिही," मी त्याला म्हटलं.