पंप, कटलेट आणि पन्नास मीटर

"पन्नास मीटर खाली जाणार म्हणे! जेवताना मीठ मागायला हिच्या तोंडातून आवाज निघत नाही!"

आत्या स्वयंपाकघरात आईला सांगत होती. मी दाराआडच होते. मीठ खरंच कमी होतं, पण मी काही बोलले नाही.

मला टेक्निकल डायव्हिंग शिकायचं होतं, म्हणजे जादा टाक्या बांधून खोल समुद्रात उतरायचं. सर्टिफिकेट देणाऱ्या दोन एजन्सी मी निवडल्या होत्या. त्यांतली कुठली घ्यायची, हे महिनाभर नखं खाऊनही ठरेना, तेव्हा पप्पा मध्ये पडले.

"माणूस बघितल्याशिवाय पोरीला पाण्यात सोडणार नाही!"

झालं! रविवारी चर्चमधल्या मिसानंतर दोन्हीकडचे प्रशिक्षक आमच्या पापडीच्या घरी हजर. एक तरुण सर, एक वयस्कर बाई. (शेजाऱ्यांना वाटलं, मुलगा आणि त्याची आई मला बघायला आलेत.)

आधी सर. फारच हसरे.

"कोर्स सहा दिवसांत होईल?" पप्पांनी विचारलं.

"चार दिवसांत!"

"लहानपणी दमा होता हो तिला," आई म्हणाली.

"काही प्रॉब्लेम नाही!"

"आमचा पंप पडलाय वाडीतल्या बावखलात," आत्याने संधी साधली.

"काही प्रॉब्लेम नाही!" म्हणत सरांनी थेट त्या तळ्यात उडी मारली. अर्धं मिनिट गेलं. एक गेलं. पप्पांनी घाबरून पाण्यात एक दोर टाकला. सर डोक्यावर शेवाळ घेऊन वर आले. हातात पंप नव्हता, कुकरचं झाकण होतं. ज्याच्या चोरीवरून आत्या शेजारणीशी चार वर्षं बोलत नव्हती, तेच झाकण! आत्याने तिथल्या तिथे सरांना पास केलं.

मग बाई.

दमा? "डॉक्टरांचं पत्र येईपर्यंत नाही."

सहा दिवस? "तयार नसेल तर सहा महिन्यांतही नाही."

बावखल? "खोली किती? तळाला काय आहे?" कुणालाच माहीत नव्हतं. "मग नाही."

आत्याने दुसरं कटलेट पुढे केलं.

"नाही."

आत्याला हे आजवर फादरसुद्धा म्हणाले नव्हते.

"उद्धट बाई!" त्या फाटकाबाहेर पडताच आत्या कडाडली. "सरांचाच फॉर्म भर!"

पप्पांनी माझ्या एका हातात पेन दिलं. दुसऱ्या हातात आत्याने दिलेलं सहावं कटलेट होतं. सही केली, की पन्नास मीटरवर माझा श्वास सरांच्या 'काही प्रॉब्लेम नाही'वर चालणार होता.

मी पेन खाली ठेवलं. (कटलेट ठेवायची हिंमत झाली नाही.)

"पप्पा, मला बाईंकडेच शिकायचंय," मी म्हणाले. "समुद्राचं नंतर बघू, आधी आत्याला नाही म्हणायला शिकते!"